काटा खाली आला तेव्हा

कॉलेजात आल्यापासून 'तू कुठली?' या प्रश्नाचं उत्तर मी शंभरदा दिलं असेल. बुऱ्हाणपूर म्हटलं की समोरची मैत्रीण आधी फोनवर नकाशा उघडते आणि मग म्हणते, "अगं, हे तर एमपीत आहे! मग तू मराठी कशी?" आता काय सांगणार? घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात तोंडात येईल ते. रावेर आम्हाला भोपाळपेक्षा कितीतरी जवळ. मुमताज महल १६३१ साली आमच्या गावात वारली आणि आधी तिला तिथेच पुरलं होतं, हे सांगितलं की मात्र सगळ्यांचे डोळे मोठे होतात. मंडळाच्या अंकासाठी लेख दे म्हटल्यावर वाटलं, त्यावरच लिहावं. चार ओळी लिहिल्याही. पण खरं सांगायचं तर मुमताजपेक्षा मला आमच्या जीपबद्दल जास्त माहिती आहे, आणि त्या जीपची एक गोष्ट दोन वर्षं मनात अडकून बसली आहे. म्हणून जीप.

जीप माझ्यापेक्षा वयाने मोठी आहे. एका सरकारी खात्याच्या लिलावात पप्पांनी ती घेतली तेव्हा मी दुसरीत होते. डिझेल इंजिन, वर ताडपत्रीचं हूड, आणि चारही चाकांना जोर देणारा तो छोटा दांडा. आमच्याकडे केळीचं राज्य आहे. कापणीच्या दिवसांत शेतातून घडं काढून ट्रक उभा असतो तिथवर आणायचे, हे पप्पांचं काम. काळ्या मातीच्या वाटा, मध्ये नाले, आणि सातपुड्याच्या अंगाला गेलात की दगडांचे चढ. तिथे दुसरी गाडी जात नाही, म्हणून पप्पांना बोलावणं येतं. घर त्यावर चालतं.

मे महिन्यात आमच्याकडे ४४-४५ अंश तापमान असतं. मुंबईत घाम येतो, आमच्याकडे घाम यायच्या आत वाळतो. अशा हवेत डोंगरात गाडी चालवायची म्हणजे इंजिन गार ठेवणं हेच मुख्य काम, चालवणं नंतर. पप्पा सकाळी इंजिन थंड असतानाच बॉनेट उघडतात. रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघतात. पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून बघतात; अर्ध्या इंचापेक्षा जास्त दबला तर ताणायचा. मग रेडिएटरची जाळी. लोकांना वाटतं समोरून पाण्याचा फवारा मारला की जाळी साफ. पप्पा आतून, इंजिनाच्या बाजूने पाणी मारतात, म्हणजे अडकलेला कचरा आला त्याच वाटेने बाहेर पडतो. आणि कचरा तरी किती तऱ्हेचा! गवताचं बी, किडे, केळीच्या सुक्या पानांचा चुरा. त्यात आमची गल्ली पावरलूमची. दिवसभर खटखट खटखट, आणि हवेत सुताचा बारीक कापूस. तो जाळीवर बसला की त्याची गोधडीच तयार होते. लहानपणी ती बोटांनी सोलून काढणं हा माझा आवडता उद्योग होता.

गाडी शिकले तीही याच जीपवर. अठरा पूर्ण झाली, लायसन्स आलं, आणि पप्पा मला रिकाम्या जीपमध्ये असीरगडाकडे घेऊन गेले. इंदूरच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर तो किल्ला. दख्खनचा दरवाजा म्हणतात त्याला. अकबराने १६०१ मध्ये घेतला. पप्पांना त्यातलं काही सांगायचं नव्हतं. त्यांना चढ हवा होता. चढाच्या पायथ्याशी त्यांनी जीप थांबवायला लावली आणि छोटा दांडा 'लो'मध्ये टाकायला सांगितला. जीप मुंगीच्या चालीने निघाली आणि इंजिन असं बोंबलायला लागलं की मला वाटलं, आता फुटतंय. पप्पांनी फक्त टेंपरेचरच्या काट्याकडे बोट दाखवलं. काटा मधोमध. हलतही नव्हता.

मग त्यांनी उलटं करून दाखवलं. दांडा 'हाय'मध्ये, दुसरा गिअर, पाय पूर्ण दाबलेला. आवाज कमी झाला, जड आणि दबका, दमेकऱ्यासारखा. काटा सरकायला लागला.

हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कागदावर चित्र काढून कळलं. डिझेल जळून जी उष्णता निघते, तिचा साधारण तिसरा हिस्साच गाडी ओढायच्या कामी येतो. तेवढीच धुराबरोबर निघून जाते, आणि उरलेली इंजिनाच्या लोखंडात शिरते. ती तिथून उचलून रेडिएटरपर्यंत आणायची, हे पाण्याचं काम. पाणी फिरवतो पंप आणि रेडिएटरमधून हवा ओढतो पंखा. आमच्या जीपमध्ये हे दोन्ही पट्ट्याने इंजिनालाच बांधलेले. म्हणजे इंजिन जोरात फिरलं तर पंखाही जोरात, इंजिन दमून हळू फिरलं तर पंखाही हळू, आणि नेमकी तेव्हाच उष्णता जास्त. सपाट रस्त्यावर समोरचा वारा भरपाई करतो. चढावर ताशी आठ-दहा किलोमीटरने जाताना कुठला आलाय वारा? म्हणून 'लो' लावायचं आणि इंजिनाला ओरडू द्यायचं. (तुमच्या घरच्या नव्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो, त्यांचा हिशोब थोडा वेगळा. पण खंडाळ्याच्या घाटात काटा चढला तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. वेडेपणा वाटेल, पण हीटरची नळीही इंजिनाची उष्णताच बाहेर टाकते.)

आता लग्न. मामेभावाचं लग्न, मे महिन्यातलं, मुलगी खकनारच्या पुढच्या डोंगरातल्या गावची. गावाचं नाव लिहीत नाही, पाहुणे वाचतात. मुहूर्त गोरजाचा, म्हणजे वऱ्हाड निघणार भर दुपारी. पप्पांना तीन दिवसांपासून ताप होता. नवरदेव पुढच्या गाडीत, पुरुष मंडळी बसमध्ये, आणि बायका, पोरं आणि रुखवताच्या पेट्या जीपमध्ये, कारण शेवटचे सात-आठ किलोमीटर कच्चे. चालवणार कोण यावर घरात बराच खल झाला. शेवटी पप्पा अंथरुणातूनच म्हणाले, "तिला येतं." एवढंच. मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

निघताना भावंडांनी जीप सजवली. झेंडूच्या माळा, आणि पुढे, बरोबर जाळीवर, 'शुभविवाह' लिहिलेला थर्माकोलचा मोठा बोर्ड. मी त्याच्यासोबत फोटो काढला. सगळा जन्म ज्या जाळीतला कापूस सोलण्यात गेला, त्या जाळीवर आपण बोर्ड लावतोय हे डोक्यात आलंच नाही.

शेजारच्या सीटवर फुवा बसले. आत्याच्या यजमानांना आमच्याकडे फुवा म्हणतात. इथे सांगितलं की मुली हसतात. फुवांनी आयुष्यभर मोटारसायकल चालवली, पण गाडी कशी चालवावी याबद्दल त्यांची मतं ठाम आहेत. डांबरी रस्त्यावर सगळं ठीक चाललं होतं. कच्चा चढ लागला, मी थांबले, दांडा 'लो'मध्ये टाकला, निघाले. इंजिन बोंबललं. मागे पोरं कानावर हात ठेवून खिदळायला लागली.

"अगं पोरी, गाडी किती ओरडवशील? गिअर बदल की! इंजिन फाटंल," फुवा म्हणाले.

मी सांगितलं, पप्पा असंच चालवतात. ते मागे वळून म्हणाले, "पप्पाची गोष्ट वेगळी. ही नवी आहे, घाबरते." मागे कुणीतरी हसलं.

घाबरते हा शब्द ऐकला आणि मी गिअर बदलला. 'हाय', दुसरा. जीप गप्प झाली. फुवा म्हणाले, "आता कसं!" आणि मलाही क्षणभर बरं वाटलं. हे मुद्दाम लिहितेय, कारण नंतर घरात सगळा दोष फुवांवर गेला. गिअर त्यांनी बदलला नव्हता.

वारा पश्चिमेचा होता आणि आम्ही पूर्वेकडे चढत होतो. म्हणजे वारा पाठीमागून, आमच्याच चालीने. पुढे बोर्ड, मागे दहा माणसं, पेट्या, पातेली. काटा मधून निघाला, पाऊणपर्यंत आला, मग लाल पट्टीला टेकला. मला दिसत होतं. आपण थांबायला हवं हे माहीत होतं: गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची, बॉनेट उघडायचं, न्यूट्रलमध्ये थोडा रेस देऊन इंजिन चालूच ठेवायचं म्हणजे पाणी फिरत राहतं आणि दहा मिनिटांत काटा उतरतो. सगळं माहीत होतं. पण चढावर, सगळ्यांसमोर, थांबायचं म्हणजे 'घाबरते' खरं झालं असतं. मी मनात म्हटलं, पुढच्या वळणानंतर उतार असेल.

आणि वळणाच्या आधीच काटा खाली यायला लागला. लालमधून पाऊण, पाऊणवरून अर्धा, आणि त्याच्याही खाली. मी सुटकेचा श्वास घेतला. देवाचे आभारसुद्धा मानले. त्यानंतर दोन-तीन मिनिटं मी जीप तशीच हाकली.

मग टकटक आवाज, ताकद गेली, बॉनेटच्या फटींतून वाफ, आणि इंजिन आपोआप बंद.

मी उतरले, बॉनेट उघडलं, पंचा हातात घेतला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तोच आत्याने मनगट धरून मला मागे ओढलं. "शिट्टी पडायच्या आत कुकर उघडतेस का घरी? मग हे काय?" आत्याने आयुष्यात गाडीचं बॉनेट उघडं पाहिलं नसेल. पण तिचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. रेडिएटरचं झाकणही आत दाब धरून ठेवतं, कुकरसारखाच, आणि दाबामुळे पाणी १०० अंशांना न उकळता १२०च्या जवळपासपर्यंत पाणीच राहतं. गरम असताना झाकण काढलं की दाब सुटतो आणि ते सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. आमच्यात उडण्याइतकं पाणी उरलं होतं की नाही कोण जाणे. पण माझा चेहरा आज आहे तसा आहे तो आत्यामुळे. कुणीतरी थंड पाण्याची कॅन ओतायला निघालं होतं, तिलाही आत्यानेच थांबवलं, "तापल्या तव्यावर पाणी टाकू नका" म्हणून. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर इंजिनाला तडा जातो.

फाल्यातून एक ट्रॅक्टर आला. बायका, पोरं, पेट्या ट्रॉलीत बसून लग्नाला पोचल्या, मुहूर्तही साधला. जेवण छान होतं म्हणतात. मी जीपपाशी थांबले, सोबत फुवा. त्या दोन तासांत ते एक अक्षर बोलले नाहीत.

रात्री पप्पांचा फोन आला. त्यांनी आधी विचारलं, कुणाला लागलं का. मग विचारलं, "काटा कुठे होता?"

मी म्हटलं, "खालीच होता पप्पा. बंद पडली तेव्हा अर्ध्याच्याही खाली होता."

हे खरं होतं. आणि ते खोटं होतं, हेही मला बोलता बोलताच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी जीप दोराने ओढून गॅरेजात आणली. आमचे उस्ताद म्हातारे आहेत, चष्म्याला दोरा बांधलेला. त्यांनी ऑईलची कांडी काढून बघितली. ऑईल काळं नव्हतं, दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे त्यात पाणी शिरलं होतं. हेड खोललं. त्यावर लोखंडी पट्टी आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का ते पाहिलं. दिसत होता. हेड वाकलं होतं, गॅस्केट जळालं होतं. पप्पा ताप उतरून पहिल्यांदाच बाहेर पडले होते, स्टुलावर बसले होते. उस्ताद पट्टी पुसत म्हणाले, "ये एकदम से नहीं होता बेटा. पहले काँटा ऊपर गया होगा, फिर गिरा होगा. गिरा, मतलब पानी खतम."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उस्तादांना म्हणाले, "रेडिएटर पण खोला."

पितळी रेडिएटर होता जुना. उस्तादांच्या पोराने वरची टाकी डाग सोडवून काढली आणि आम्ही तिघं आत वाकून बघायला लागलो. बारीक नळ्यांची तोंडं रांगेत असायला हवी होती. अर्ध्याहून जास्त नळ्या पांढऱ्या चुन्याने बंद होत्या. उस्ताद मोठ्याने हसले. "भाईसाब, ये तो खूनी भंडारा हो गया!"

हा विनोद बुऱ्हाणपूरच्या माणसालाच कळेल, म्हणून सांगते. कुंडी भंडारा, ज्याला लोक खुनी भंडाराही म्हणतात, ही आमच्या गावाची जुनी पाणीव्यवस्था. अब्दुल रहीम खानखाना सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास बांधलेली. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात धरायचं आणि नुसत्या उताराने, कुठलाही पंप न लावता, गावापर्यंत आणायचं. वर शंभराच्या आसपास विहिरींसारख्या कुंड्या ओळीने. शाळेच्या सहलीत आम्ही लिफ्टने खाली उतरलो होतो. बाहेर भट्टी आणि खाली गारवा, घोट्याच्या वर स्वच्छ पाणी. पण भिंती मूळच्या भिंती राहिलेल्या नाहीत. पाण्यातला चुना चारशे वर्षं थरावर थर बसत गेलाय, आणि काही ठिकाणी वाट अरुंद झाली आहे. बाईंनी तेव्हा सांगितलं होतं, गावातल्या बोअरच्या पाण्यातही हाच चुना असतो, म्हणून डाळ शिजत नाही.

रेडिएटरमध्ये तेच, फक्त भराभर. पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि सगळ्यात गरम जागेवर चिकटतो. पाणी थोडं उडालं की आपण पुन्हा ओततो, म्हणजे पुन्हा नवा चुना. पितळ-तांब्यातून उष्णता जेवढी सहज जाते, त्याच्या मानाने त्या पांढऱ्या थरातून जवळजवळ जातच नाही. उस्तादांच्या पोराने पातळ पट्टी एकेका नळीतून घालून चुना पाडला. वाटीभर निघाला.

हेड लेथवर घासून सपाट केलं, गॅस्केट नवं, ऑईल नवं, मजुरी. २२ हजार रुपये, आणि जीप सोळा दिवस उभी. ऐन कापणीत. त्या सोळा दिवसांत पप्पांची दोन नेहमीची शेतं दुसऱ्याकडे गेली. त्यातलं एक अजून परत आलेलं नाही.

जीप खोलली त्या संध्याकाळी पप्पा अंगणात बसून, जणू काही झालंच नाही अशा आवाजात, मला समजावायला लागले. काटा ज्या पिनेवर चालतो ती पाण्यात बुडालेली असते. पाणी उडून गेलं की ती कोरडी पडते. मग इंजिन कितीही तापलेलं असो, पिनेला ते कळत नाही, काटा खाली येतो. "चढत्या काट्याला थांबायचं. चढावर आपोआप उतरलेल्या काट्याला तर जागच्या जागी, तेव्हाच किल्ली बंद. मग तो वाऱ्याकडे तोंड, रेस वगैरे काही नाही." ते असं सांगत होते की जणू हे पुढच्या कधीतरीचं शिक्षण आहे. त्यांनी रागवायला हवं होतं. मला ते सहन होईना. मी म्हटलं, "पप्पा, काटा लालला टेकला होता. मी पाहिला होता."

ते म्हणाले, "माहीत आहे."

थोड्या वेळाने म्हणाले, "तो चुना पण तुझा नाही. पहिली दोन-तीन वर्षं मी बोअरचंच पाणी टाकत होतो. मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

आई आतून ओरडली, डास चावतील, आत या. आम्ही आत गेलो.

तेव्हापासून जीपमध्ये कूलंट आणि बॅटरीत टाकतात ते शुद्ध पाणी, निम्मं-निम्मं. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळतं हे तर आहेच, शिवाय आत गंज धरत नाही. उस्तादांनी थर्मोस्टॅट काढून टाका असा आग्रह धरला होता. गरमीत आमच्याकडे सर्रास काढतात. पप्पांनी ऐकलं नाही. त्यांच्या मते इंजिन हिवाळ्यात मग तापतच नाही आणि डिझेल नीट जळत नाही. यावर दोघांचं आजही जमत नाही, चहा मात्र रोजचा.

यंदा मे महिन्यात सुट्टीला गेले होते. त्याच मामेभावाच्या मुलीचं बारसं, तेच गाव, तीच जीप. पप्पांना बरं होतं, पण त्यांनी किल्ली माझ्याकडे फेकली आणि मागे जाऊन बसले. पुढे फुवा. कच्चा चढ आला. मी थांबले, दांडा 'लो'मध्ये टाकला, आणि इंजिनाने गळा काढला. काटा मध्याच्या केसभर वर जाऊन तिथेच उभा. अर्ध्या चढावर फुवा माझ्याकडे वळून काहीतरी मोठ्याने म्हणाले. काय म्हणाले ते अजून विचारलेलं नाही. त्या आवाजात काही ऐकूच आलं नाही.